चक्रवाकीच्या पायातलं जोडवं

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलं, "नोकरी सरकारी आहे ना?"

"अर्धी," माझे वडील म्हणाले.

"अर्धी म्हणजे? काम काय असतं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आढ्याकडे. शेवटी मलाच बोलावं लागलं. "पक्षी धरायचे, त्यांच्या पायात कडं घालायचं आणि सोडून द्यायचे."

त्या गृहस्थांनी सुपारी तोंडात टाकायची थांबवली. "सोडूनच द्यायचे, तर धरता कशाला?"

ते स्थळ गेलं. पण तो प्रश्न काही गेला नाही. धुळ्याच्या बाजारात, साक्रीच्या आठवड्याच्या बाजारात, नातेवाइकांच्या पंगतीत, जिथे जिथे मी माझा धंदा सांगितला तिथे तिथे तो मला विचारला गेला. सावद्याहून माझे एक मामेसासरे आले होते (दुसऱ्या स्थळाने मला पत्करलं, हे यावरून कळलंच असेल). केळीचे मोठे बागायतदार. कड्यावर मुंबईचा पत्ता असतो इथपर्यंत त्यांनी माझं सगळं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आमच्या बैलांना घाला की एकेक. चोरीला गेला तर मुंबईवाले शोधून देतील." मी सांगितलं की मुंबईवाले शोधायला जात नाहीत, ज्याला पक्षी सापडेल त्याने त्यांना कळवायचं असतं. ते म्हणाले, "चोर कळवतो होय?"

तेव्हा वाचकांसाठी एकदा सरळ सांगून टाकतो. हिवाळा आला की आपल्या तापी-पांझरेच्या वाळूत नाना तऱ्हेचे पाणपक्षी उतरतात आणि होळीच्या सुमारास निघून जातात. कुठून येतात, कुठे जातात, पुढच्या वर्षी येतात ते तेच की दुसरे, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. म्हणून मुंबईच्या काही पक्षीवेड्या मंडळींनी ठरवलं की पक्ष्याच्या पायात हलक्या धातूचं एक कडं घालायचं. त्यावर इंग्रजीत आकडा आणि मुंबईला कळवा एवढी विनंती. पुढे कुणाला तो पक्षी जिवंत वा मेलेला सापडला, तर त्याने कडं पाठवून द्यावं. असं काम आजच्या धुळे जिल्ह्यात सुरू झालं, इंग्रजी राज्य जायच्या काही वर्षं आधी. मॅट्रिक होऊन घरी बसलेला मी त्यात लेखनिक म्हणून चिकटलो.

आम्ही मोहिमेवर तिघे. पहिले साहेब, सोराबजी. जातीने पारशी, मनाने मूल, अंगाने भरपूर. पक्ष्यांवर त्यांचं इतकं प्रेम की बदकाने बोट चावलं तर ते बदकाचीच माफी मागत. दुसरा मी. आणि तिसरा, ज्याच्यावाचून पहिल्या दोघांना चिमणीही धरता आली नसती, तो सुपडू पारधी.

सुपडू स्वभावाने बढाईखोर. त्याच्या आजोबांनी म्हणे एका फाशात तीन करकोचे धरले होते. हा आकडा दर हिवाळ्यात वाढत जाई. पक्ष्यांची नावं त्याला ठाऊक होती, पण ती तो सांगत नसे. तो चवीवरून ओळख करून देई. साहेब एखादं बदक हळुवार हातात धरून त्याच्या पंखांवरचा आरशासारखा चकाकणारा हिरवा पट्टा मला दाखवत असत, आणि शेजारून सुपडूचा अहिराणी आवाज येई, "हाई दोन मानसंनं पाखरू शे. जराक चिखलनी चव येस. मीठ जास्त लागस."

साहेबांचा चेहरा पडे. "नको असा बोलते, सुपडू. ते आपला पाहुणा हाय."

"पाव्हना शे म्हनीसन त सोडी देतस, साहेब," सुपडू म्हणे, आणि त्याच्या सुस्काऱ्यात खराखुरा तोटा ऐकू येई.

त्याची पक्षी धरायची रीत सांगण्यासारखी आहे. घोड्याच्या केसांचे बारीक फासे तो पाण्याच्या कडेला ओल्या वाळूत ओळीने मांडी. मग शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने दूर वळसा घालून पक्ष्यांच्या मागे जाई. बैल चरतोय असं पक्ष्यांना वाटे. ते उडत नसत, नुसते बैलापासून थोडे सरकत, सरकत सरकत फाशांवर येत. या बैलाचं नाव हौशा. हौशाला पगार नव्हता, पण मोहिमेतला त्याचा हुद्दा माझ्यापेक्षा वरचा होता.

एकदा साहेबांनी हट्ट धरला की बैलाआडून आपणही येणार. ते येणार म्हणून वही घेऊन मीही. आम्ही तिघे वाकून हौशामागे निघालो. पलीकडच्या काठावरच्या यच्चयावत बदकांनी माना वर केल्या, एकदा नीट पाहिलं आणि अख्खा थवा उडून गेला. साहेबांनी विचारलं, काय चुकलं? सुपडू म्हणाला, "साहेब, चार पायना बैल पाखरूले चालस. दहा पायना नही चालस."

पक्षी हाती लागल्यावरचं काम मात्र नाजूक. कडं असं बसवायचं की पायाभोवती सहज फिरावं, पण पंज्यावरून निसटू नये. चिमट्याने दाबताना केसभर जास्त जोर झाला तर पाय दुखावतो. साहेबांची बोटं जाड, माझी भित्री. तेव्हा हेही काम सुपडूकडेच आलं. मी आकडा लिहायचा, साहेबांनी पक्ष्याला धीर द्यायचा. बगळा धरला की तिघेही मान मागे घेऊन काम करायचो, कारण बगळा सरळ डोळ्यावर चोच मारतो. साहेबांच्या चष्म्याने त्यांचे डोळे वाचवले. चष्मा मात्र वाचला नाही.

आता सुपडूची एक गोष्ट सांगायला हवी, ती हसण्यासारखी नाही. त्या काळी पारध्यांवर सरकारचा एक कायदा होता. गुन्हा केलेला असो वा नसो, पारध्याच्या पोटी जन्माला आलात की रोज गावच्या पोलीस पाटलापुढे उभं राहून हजेरी द्यायची. परगावी जायचं तर परवानगी. आजारी असलात तरी कुणाच्या खांद्यावर टेकून या. सुपडूची वस्ती पांझरेच्या वरच्या अंगाला, साक्रीच्या वाटेवर एका बंधाऱ्यापलीकडच्या माळावर होती आणि हजेरी अलीकडच्या गावात, हिंमत पाटलांच्या चावडीवर. पाटील माणूस वाईट नव्हता. पण चावडीच्या पायरीखाली, चपला सोडतात तिथे, सुपडूला उभं राहावं लागे आणि नाव पुकारलं की "हाजर" म्हणावं लागे. त्याच्या बापानेही तसंच म्हटलेलं.

मोहिमेत आल्यावर साहेबांनी खटपट करून त्याला पास मिळवून दिला. काम चालू असेतो हजेरी माफ. तो कागद सुपडूने बांबूच्या नळीत घालून गळ्यात बांधला होता. बढाई मारताना तो त्या नळीवर हात ठेवी. माझ्या अर्ध्या सरकारी नोकरीला मी हसत असे. त्याच नोकरीने त्या माणसाला सकाळी स्वतःच्या मर्जीने उठायची मोकळीक दिली होती, हे मला फार उशिरा कळलं.

आणि नेमकं तेच धोक्यात आलं. दोन हिवाळे आम्ही कडी घालत होतो आणि एकही परत आलं नव्हतं. मुंबईहून निरोप आला की होळीपर्यंत एखादं तरी कडं परत मिळालं नाही, तर काम बंद करावं लागेल. साहेबांना पक्ष्यांचं दुःख झालं, मला नोकरीचं. त्या दिवशी सुपडूने कुठल्याच बदकाची चव सांगितली नाही, तेव्हा मी समजलो.

होळी तोंडावर आली असताना साक्रीच्या बाजारात एका कासाराने मला विचारलं, "भाऊसाहेब, पाखरांना बांगड्या घालणारे ते तुम्हीच ना? मग जोडवी घालणारं दुसरं कोण आहे? हिंमत पाटलांच्या घरी जोडवंवाली पाहुणी आली आहे."

आम्ही हौशालाही न घेता धावत सुटलो.

पाटलांच्या अंगणात बायकांची ही गर्दी. मधे डालं उपडं घातलेलं, बाजूला पाटलांच्या आई बसलेल्या. साऱ्या गावाच्या त्या अक्का. त्यांच्यापुढे हिंमत पाटलांची हिंमत फक्त नावापुरतीच राही. झालं होतं असं, की हरभऱ्याच्या शेताच्या काटेरी कुंपणात एक चक्रवाकी अडकून पंखाला लागून पडली होती. चक्रवाक कुणी पाहिला नसेल तर सांगतो: बदकाहून मोठा, अंगाचा रंग थेट हळदीचा. नेहमी जोडीने राहतात. नराच्या गळ्यात काळी रेघ असते, हिच्या गळ्यात नव्हती. अक्कांनी तिला उचलून घरी आणलं, पंखाला तेल-हळद लावली, आणि पाहतात तर पायात कडं. हळद लागलेलं अंग आणि पायात जोडवं. बायकांना याहून अधिक पुरावा कशाला हवा? कुणाची तरी लेक माहेरी आली, असं ठरलं. पंख बरा होईपर्यंत तिचं माहेरपण चाललं होतं. भिजवलेले गहू, कोवळा घास, एकीने तर मांडाही आणला होता. मांडा तिने नाकारला, याचं त्या बाईला फार वाईट वाटलं होतं.

साहेब डाल्याशी गुडघे टेकून बसले. आकडा वाचला. तो आमचाच, पहिल्या हिवाळ्यातला, खाली धुळ्याकडच्या पात्रात घातलेला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती गेली आणि परत आली, अक्का. हिमालयच्या पलीकडे जाऊन परत आली."

"येई नही त काय? माहेर शे तिनं," अक्का म्हणाल्या.

इथे साहेबांनी गप्प राहायचं होतं. पण शास्त्र म्हटलं की त्यांना राहवत नसे. "माहेर नाय, अक्का. अंडी ती तिकडेच घालते. पिल्लं पण तिकडेच."

अक्कांनी भुवया वर केल्या. "बायतपन तठे व्हस?"

"हो ने."

"मंग तठे तिनं माहेर. आठे सासर."

लेक बाळंतपणाला माहेरीच जाते, हे त्या अंगणातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. मग दाराआडून अक्कांच्या सुनेचा बारीक आवाज आला, "म्हंजे आत्याबाई, आपन इतला दिन सूनना लाड कयात?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. हिंमत पाटील छपराचे वासे मोजू लागले. अक्कांनी थोडा वेळ डाल्याकडे पाहिलं, थोडा वेळ दाराकडे आणि निकाल दिला, "सून रोज घरमा ऱ्हास. वरीसमा एकदाव येस ती आंडेर." आंडेर म्हणजे लेक. खटला संपला, चक्रवाकीचं माहेर कायम झालं.

खरी अडचण पुढे आली. मुंबईला नुसता आकडा कळवून भागणार नव्हतं. त्यांना कडं हवं होतं. साहेबांनी चिमटा काढला तशा अक्का उठून उभ्या राहिल्या. "हाई काय करी राहयनात?"

"हे काढतो. मुंबईला पाठवायचा हाय."

"आयका." बंधाऱ्याच्या बाजूने खरोखरच आवाज येत होता. आँग, आँग. रोज सकाळ-संध्याकाळ तो नर तिथे घिरट्या घालत होता म्हणे. "तिना नवरा आरडी राहयना. नवरा जित्ता शे आनि तुमी तिनं जोडवं काढतस?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाटलांकडे, पाटलांनी जमिनीकडे. बायका पुढे सरकून डाल्याभोवती उभ्या राहिल्या. मी वळून पाहिलं तर सुपडू अंगणाच्या फाटकाबाहेर उभा होता, तो आत आलाच नव्हता. हात गळ्यातल्या नळीवर. त्याचं सगळं त्या डाल्याखाली होतं आणि आत पाऊल टाकायची त्याला सोय नव्हती. मला त्या क्षणी साहेबांच्या शास्त्राचा, अक्कांच्या जोडव्याचा, सगळ्याचाच राग आला. मी हात जोडून म्हणालो, "अक्का, हे कडं मुंबईला गेलं नाही तर आमचं काम बंद होईल. मी दुसरी नोकरी शोधीन. पण त्या सुपडूला उद्यापासून पुन्हा तुमच्या चावडीखाली उभं राहावं लागेल."

अक्कांनी फाटकाकडे पाहिलं. मग खाली बसल्या आणि विचारलं, "कासार बांगड्या भरस तव्हय हात मोकया ठेवस का?"

"नाही," मी म्हणालो.

"नवी पहिले चढावस, मंग जुनी उतारस. तसं करा. आनि एकच पायमा जोडवं घालाले तुमले लाज नही वाटनी? दुसरा पायमा नवं घाला, मंग हाई काढा."

इतकी साधी गोष्ट. साहेबांनी नवं कडं काढलं. पण पंख दुखावलेली, घाबरलेली चक्रवाकी. तिच्या पायातलं जुनं कडं न दुखवता उघडायचं म्हणजे आमच्या दोघांचं काम नव्हे. साहेबांनी हाक मारली, "सुपडू, आत ये ने."

"अक्का, तो हजेरीना मानूस शे," पाटील पुटपुटले.

"तिले काय ठाऊक तुनी हजेरी?" अक्का म्हणाल्या. "हात हलका शे ना त्याना? ये रे भाऊ."

सुपडू आला. डाल्यापुढे बसला. चक्रवाकी काखेत अशी घेतली की आपल्याला धरलंय हेही तिला कळू नये. आधी नवं कडं मोकळ्या पायात, मग जुनं हलकेच उघडून बाहेर. बाजूला हळदकुंकवाची तयारी घेऊन सून उभी. कडं निघालं तसं अक्कांनी विचारलं, "पहिलं कोनी घालं व्हतं?"

"मीच घालं व्हतं, अक्का."

"मंग तू मामा," अक्का म्हणाल्या. "आमनाकडे जोडवं मामाच घालस."

आणि त्यांनी खरोखरच मामाचा मान केला. कपाळाला टिळा, हातात नारळ, डोक्यावर पाटलांचीच एक नवी टोपी. काखेत चक्रवाकी, डोक्यावर टोपी, असा सुपडू बसला होता. जन्मात पहिल्यांदा त्याला बढाई मारायला शब्द सापडेनात.

पंख बरा झाल्यावर पाठवणी बंधाऱ्यावर झाली. बायकांना खण बांधायचा होता. साहेबांनी रडकुंडीला येऊन सांगितलं की वजनाने ती उडणार नाही. तेव्हा कपाळाला कुंकू आणि समोर तांदूळ एवढ्यावर भागलं. सुपडूने हात उघडले. ती वाळूत दोन पावलं चालली, पंख पसरून पाहिले आणि उडाली. वरून नर खाली आला आणि दोघं मिळून उत्तरेला वळली. अक्का पदराने डोळे पुसत होत्या आणि साहेब रुमालाने. पुढच्या आठवड्यात साहेबांच्या एका शिकारी मित्राने त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं की कपाळावर लाल ठिपका असलेली चक्रवाकाची नवीच जात त्याला आढळली आहे. साहेबांनी त्याला काही सांगितलं नाही.

कडं मुंबईला गेलं. आम्ही तिघे उत्तराची वाट पाहत राहिलो. उत्तर आलं ते असं, की पक्षी जिथे कडं घातलं तिथून काही कोसांवरच सापडला असल्यामुळे तो मुळात कुठे गेला होता असं सिद्ध होत नाही. सबब काम थांबवावं. साहेब दोन दिवस जेवले नाहीत. पक्षी उन्हाळ्यात इथे नसतात हे शेंबडं पोर सांगेल, पण मुंबईत शेंबडी पोरं कमिटीवर नव्हती. ती चक्रवाकी कुठे जाऊन आली हे मला आजतागायत कळलेलं नाही आणि त्याची रुखरुख आहे.

पासही परत घेतला गेला. सुपडूने नळीतला कागद काढून माझ्या हातात ठेवला.

मी पुढे धुळ्याला एका वखारीत लागलो. पावसाळ्यात एकदा साक्रीकडे काम निघालं म्हणून सुपडूच्या वस्तीवर गेलो. सकाळची वेळ, पावसाची भुरभुर. पाहतो तर झोपडीपुढे, पोतं डोक्यावर घेऊन, काखेत हजेरीचं पुस्तक मारून, चिखलात हिंमत पाटील उभे. मी चकित झालो. त्यांनीच कानकोंड्या आवाजात हकिगत सांगितली. पास गेल्यानंतर पहिल्या दिवशी सुपडू चावडीखाली उभा राहिला, तेव्हा अक्का घरातून चालत आल्या आणि भर गावापुढे लेकाला म्हणाल्या, "मना भाऊले पायरीखाल उभा करस? तुले हजेरी लेनी व्हई त त्याना घर जा." कायद्यात हजेरी रोज घ्यावी असं होतं, कुणी कुणाकडे जायचं, ते लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून पाटील रोज बंधारा ओलांडून येत होते.

आत सुपडू चूळ भरत होता. सावकाश बाहेर आला, पाटलांना म्हणाला, "बसा ना पाटील, उभा कसाले?" मग मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात, खऱ्या कळवळ्याने म्हणाला, "काय सांगू भाऊसाहेब, बिचारा रोज येस. पान्यामा बी येस. कायदा शे ना, त्याले कोन काय करी?"